जुळलेल्या पेशी

मी रक्त द्यायला रक्तपेढीत गेलो होतो. शेजारच्या खाटेवर एक तरुणी दोन्ही हातांत सुया टोचून घेऊन निजली होती. कुणा अनोळखी रुग्णासाठी ती मूळपेशी देत होती.

"पेशंट लहान आहे का हो?" तिनं विचारलं.

"ते आम्हालाही सांगत नाहीत," सिस्टर म्हणाल्या.

मी मान वळवली. कॉलेजात असताना मीही मूळपेशी दात्यांच्या यादीत हौसेनं नाव नोंदवलं होतं. काही वर्षांनी फोन आला, "तुमच्या पेशी एका रुग्णाशी जुळल्यात." आई घाबरली, आणि मला ते सोयीचंच वाटलं. मी नाही म्हणालो. फोनवरच्या बाई रागावल्या नाहीत. "बरं, दुसरं कुणी जुळतंय का बघू," एवढंच म्हणाल्या.

कुणी जुळलं का, हे मी कधीच विचारलं नाही. विचारलं नाही तोवर तो रुग्ण बरा झाला असं मानता येतं.