वंदना मॅडमचे मांडे

आमच्या स्टाफरूमच्या कपाटात स्टीलचे रिकामे डबे साठलेत. डबा एकाचा, झाकण दुसऱ्याचं, कशाचा कशाला मेळ नाही. वर्षातून एकदा कपाट आवरायला काढलं की एकेका डब्यामागे एकेक किस्सा निघतो, आणि आवरणं तिथंच राहतं. आम्ही मास्तर लोक. फळ्यापुढे जितके रंगत नाही तितके खाण्याच्या गोष्टींत रंगतो. त्यातले चार-सहा सांगते. सुरुवातीचे हसण्यासारखे आहेत, तेवढ्यात हसून घ्या.

*

शनिवारी शाळा अर्धी. सुटल्यावर स्टाफरूममध्ये बसायचं आणि घरून केलेला नवा पदार्थ एकमेकांना खाऊ घालायचा, ही टूम वंदना मॅडमनी काढली. त्या गृहविज्ञान शिकवतात. मी गणित.

पहिल्याच शनिवारी त्यांनी फोनवर बघून कुकरमध्ये केक केला आणि तो डब्यासकट आणला. डब्यासकट, कारण तो डब्यातून निघतच नव्हता! उलटा केला, बुडाला थापट्या मारल्या, टेबलावर आपटला. शेवटी विज्ञानाचे चौधरी सर प्रयोगशाळेतून पेचकस घेऊन आले. मग कुठे तो निघाला, तोही खडीसारखा.

वंदना मॅडम जराही डगमगल्या नाहीत. “याला क्रम्बल म्हणतात,” त्या म्हणाल्या.

बिघडलेल्याला इंग्रजी नाव दिलं की ते बिघडलेलं राहत नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. कोपऱ्यात सुशीलाबाई कपबशा गोळा करत होत्या. घंटा देणं, पाणी भरणं, चहा करणं, सगळं आमच्या शाळेत त्याच करतात. त्यांनी खाली पडलेला चुरा उचलला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “मॅडम, डब्याले तूप आधी लावता का नंतर?”

*

दुसरा किस्सा माझाच आहे. लपवून काय करू?

दराबा आमच्या बुऱ्हाणपूरचा. रवा, तूप, पिठीसाखर, आणि फेटणाऱ्याचा हात. खांदा भरून येईपर्यंत फेटायचं, मग तो लोण्यासारखा हलका होतो. मी म्हटलं, खांदा कशाला हवा, विजेवर चालणारं फेटायचं यंत्र आहे की! यंत्र मागवलं. पंधरा मिनिटं ते छान फिरलं, मग त्यातून धूर निघाला. भांड्यात रवा वेगळा, तूप वेगळं. आमचे हे दारातून डोकावून म्हणाले, “सत्यनारायण आहे का आज?”

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी सकाळी इतवाऱ्याच्या बाजारात गेले, हलवायाकडून दराबा घेतला, घरच्या डब्यात काढला आणि वरून चमच्याने जरा विस्कटला, घरचा वाटावा म्हणून. स्टाफरूममध्ये वाहवा झाली. प्राचार्य सरांनी दोनदा घेतला. किती वेळ फेटला, असं कोणीतरी विचारलं, आणि मी खांदा चोळून दाखवला.

नंतर मोरीपाशी डबा घासताना सुशीलाबाई हळूच म्हणाल्या, “इतवाऱ्यातला ना, मॅडम?”

मी म्हटलं, “कोणाला सांगू नका हं.”

“मी काहून सांगू? पण ज्यानं फेटला त्याचा खांदा दुखला असंन ना.”

*

चौधरी सरांची शाहपूरला केळीची बाग आहे. एका वादळात निम्मी बाग आडवी झाली. अशा केळ्यांना बाजारात कोणी हात लावत नाही, म्हणून सरांनी घडच्या घड शाळेत आणले. घेऊन जा म्हणाले, वाया जाण्यापेक्षा कोणाच्या तरी पोटात जाऊ द्या. मग तीन शनिवार केळीच केळी. केळ्याचा हलवा, केळ्याचे कोफ्ते, केळफुलाची भाजी, केळ्याच्या सालीची चटणी. चौथ्या शनिवारी वंदना मॅडम स्वतः बागेत गेल्या, रील काढायला. पडलेल्या केळींसमोर हलव्याची वाटी धरून उभ्या राहिल्या आणि सरांना म्हणाल्या, “सर, बॅकग्राउंड किती नॅचरल आलंय!”

सर शांत माणूस. म्हणाले, “हो मॅडम. वारा फार मेहनती होता.”

आम्ही हसलो होतो. तो किस्सा आम्ही अजूनही हसतच सांगतो, फक्त सर उठून बाहेर गेले की सांगतो.

*

आता मांडे.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, नंतरच्या शनिवारी सुशीलाबाईंनी कापडात गुंडाळून मांडे आणले. टेबलाच्या कडेला ठेवले आणि लगेच चहाच्या निमित्ताने बाहेर गेल्या. इतक्या शनिवारांत त्यांना कोणी ‘तुम्हीही आणा’ असं म्हटलं नव्हतं. मीही नाही. मी त्यांना अहो-जाहो करते याचाच मला केवढा अभिमान होता.

मांडा पातळ इतका की खालच्या कापडाची नक्षी दिसावी, आणि पुरण कडेपर्यंत सारखं. पाच मिनिटांत कापडावर एकही मांडा उरला नाही. मग वंदना मॅडमनी त्यांना हाक मारून आणलं आणि वही उघडली.

“सुशीला, मैदा किती ग्रॅम घेतेस?”

“लागंन तितका.”

“भिजवायचा किती वेळ?”

“हाताले समजते ना, मॅडम.”

वहीत मॅडमनी लिहिलं, ‘मैदा: अंदाजे. वेळ: अंदाजे.’ पुढचं सुशीलाबाईंनी हवेतच करून दाखवलं. पुरण भरलेला गोळा थोडा लाटायचा, मग दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर एका झटक्यात टाकायचा. बाही वर गेली तेव्हा उजव्या हातावर मनगटापासून कोपराकडे गेलेला काळा पट्टा दिसला. लग्नाआधी शिकताना तापलेलं खापर लागलं होतं. “आमची रेखा लहानपणी म्हणे, हे मायचं सर्टिफिकेट,” असं सांगून त्या हसल्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

वंदना मॅडमनी घरी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा मांडा कोपरावरून खाली गेला. तिसऱ्यांदा तो मांजराने खाल्ला, आणि खाल्लेला एकमेव मांडा म्हणून मॅडमनी त्याचाही फोटो टाकला!

*

मग एक टीव्हीवाले आले. गावोगावच्या घरगुती पदार्थांचा कार्यक्रम होता, दर रविवारी दुपारी लागणारा. फॉर्म भरला वंदना मॅडमनी. पदार्थाच्या रकान्यात लिहिलं, खापरावरचे मांडे.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चौधरी सरांनी विचारलं, “मॅडम, करणार कोण?”

“सुशीला मदतीला आहे ना,” मॅडम म्हणाल्या. “शेवटी तिचंही नाव येईल की. काय हो?”

ते ‘काय हो’ माझ्यासाठी होतं. सुशीलाबाई ट्रे घेऊन समोरच उभ्या होत्या. मी म्हटलं, “हो, येणारच.” मला कोणी विचारलं नव्हतं टीव्हीवाल्यांनी, मी कोण सांगणारी? पण तोंडातून निघून गेलं.

त्या दुपारी सुशीलाबाईंनी रेखाला धूलकोटला फोन केला. रेखा त्यांची एकुलती एक मुलगी, दोन वर्षांपूर्वी तिथे दिलेली. सासरी येता-जाता एकच टोमणा, कपबशा धुणारीची पोर. सासूने रेखाच्या हातचा स्वयंपाक नावाजायचा झाला तरी म्हणावं, माय तर दुसऱ्यांचं उष्टं उचलते, ही कुठून शिकली? आता रेखाने सगळ्या गल्लीला सांगून टाकलं, रविवारी माझी माय टीव्हीत येणार आहे. सासूलाही सांगितलं. सुशीलाबाई मला रोज विचारायच्या, “नाव लिवून येते का बोलून येते, मॅडम?” मी सांगायची, दोन्ही.

*

शूटिंग शाळेच्या अंगणात झालं. चूल मांडली, खापर पालथं घातलं. सुशीलाबाईंनी घरून आपली मोठी परात आणली होती. लग्नातली, काठावर त्यांचं नाव कोरलेलं. कॅमेऱ्यावरच्या माणसाने ती फिरवून नावाची बाजू चुलीकडे केली. लिखाणावर उजेड चमकतो म्हणाला.

वंदना मॅडम जरीची साडी नेसून, हातभर हिरव्या बांगड्या भरून आल्या होत्या. त्या बोलणार, हसणार, खापराशेजारी उभ्या राहणार. मांडा झुलवताना फक्त हात दिसणार, ते सुशीलाबाईंचे. साडीचा रंग जुळवला. मग इंदूरहून आलेला डायरेक्टर हात बघून थांबला. “मॅडम के हाथ में चूड़ियाँ हैं, इनके खाली हैं. मैच नहीं होगा.”

सुशीलाबाईंचे यजमान जाऊन अकरा वर्षं झालीत. त्यांच्या घरात, त्यांच्या नात्यात, अशा बाईच्या हातात हिरवी काच कोणी पाहिलेली नाही. डायरेक्टरला ते ठाऊक नव्हतं. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. वंदना मॅडम आपल्या बांगड्या काढू शकत होत्या, पाच मिनिटांचं काम. त्या म्हणाल्या, “छे, सणाचा पदार्थ, मोकळे हात बरे दिसतात का?” आणि मग माझ्या हातांकडे पाहिलं.

माझ्याही हातात हिरव्याच बांगड्या होत्या. मी काढल्या. मीच साबण लावून सुशीलाबाईंच्या हातात चढवल्या.

“नका मॅडम,” त्या एकदाच म्हणाल्या. मी थांबले. मला वाटलं, आता कोणीतरी बोलेल. चौधरी सर खाली बघत होते. मग सुशीलाबाईंनीच विचारलं, “नाव येईन ना?”

मी म्हटलं, “येईल.”

त्यांनी दुसरा हात पुढे केला.

असा मांडा मी जन्मात पाहिला नाही. कॅमेरा हलला नाही. झाल्यावर सुशीलाबाईंनी बांगड्या एकेक करून काढल्या, धुतल्या, पदराने पुसून माझ्या हातात दिल्या. एकही पिचली नव्हती. मी त्या परत कधी घातल्या नाहीत, पण त्याने कोणाचं काय भलं झालं? स्वतःची चीड येते, आणि ती येऊनही मी इथे बसून किस्सा रंगवतेच आहे.

*

रविवारी वंदना मॅडमच्या घरी आम्ही सगळे जमलो. सुशीलाबाईंनाही निरोप होता. त्या आल्या, आणि स्वयंपाकघरात चहाला लागल्या. चहा करता करता दारातून टीव्ही बघत होत्या.

कार्यक्रम सुंदर झाला. मॅडम गोड बोलल्या, आजीकडून शिकले म्हणाल्या. त्यांची आजी शहरात वाढलेली, तिने खापर पाहिलं असेल तर दुकानात. मग हात आले. हिरव्या बांगड्यांचे, खापरावर झुकणारे, उजव्यावर काळा पट्टा असलेले. टाळ्या पडल्या. शेवटी आभाराची पाटी आली. प्राचार्य सरांचं नाव होतं, शाळेचं होतं, साडीच्या दुकानाचंसुद्धा होतं.

“मी सांगितलं होतं त्यांना,” मॅडम म्हणाल्या. “एडिटिंगमध्ये गेलं.”

पुन्हा इंग्रजी नाव. चौधरी सरांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि चपला घालून निघून गेले. मी मात्र बसले, मांडा खाल्ला. तो मांडाही सुशीलाबाईंनीच पहाटे उठून केलेला होता.

*

सोमवारी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मी एकटीच होते. सुशीलाबाईंनी चहा आणून ठेवला. मी मान वर केली नाही. वह्या तपासत असल्याचं सोंग करत विचारलं, “धूलकोटला बघितला का कार्यक्रम?”

“बघितला ना. गल्ली भरून लोक होते म्हणे.”

“मग? रेखा काय म्हणाली?”

त्या दाराशी टेकल्या आणि सांगू लागल्या. आधी वंदना मॅडमच दिसत राहिल्या, तेव्हा लोक विचारू लागले, तुझी माय कुठे आहे. मग हात आले आणि रेखा उठून उभी राहिली, पडद्यावर बोट ठेवलं, तो काळा पट्टा दाखवायला. तोंड उघडलंच होतं तिनं. तेवढ्यात सासू पुढे सरकली आणि म्हणाली, हिरव्या बांगड्या? तुझी माय हिरव्या बांगड्या घालते?

सुशीलाबाई थांबल्या. पदर ओढून त्यांनी उजव्या हातावर घेतला.

“सगळी गल्ली पोरीच्या तोंडाकडे बघू राहिली होती, मॅडम. रेखा बोलली, नाही, हे हात माझ्या मायचे नाहीत.”

त्यांनी माझ्यापुढचा कप उचलून पाहिला.

“चहा थंडा झाला,” त्या म्हणाल्या. “दुसरा आणते.”