नवव्या टॉवरवरचा वारा

“सेन्सर काढ आणि खालच्या टॉवरवर लाव. विषय संपला,” डग म्हणाला.

आम्ही दोघं चेअरलिफ्टच्या खालच्या स्टेशनात उभे होतो. बाहेर माणसं स्कीचे बूट आपटत रांगेत थांबली होती आणि लिफ्ट त्या सकाळी पुन्हा बंद पडली होती. डग हा त्या स्की रिसॉर्टचा विंटर मॅनेजर. मी लिफ्टची तपासणी करणारी इंजिनिअर. ऑफिस टोरोंटोतल्या नॉर्थ यॉर्कला, पण हिवाळाभर माझा मुक्काम शहराच्या उत्तरेला, असल्याच रिसॉर्ट्सवर. तिथे ज्याला माउंटन म्हणतात त्याला सातारकर टेकडी म्हणतील. मी नागपूरची. सेमिनरी हिल्सला डोंगर समजून वाढलेली, त्यामुळे माझी तक्रार नाही.

चेअरलिफ्टमध्ये एक जाड पोलादी दोर फिरत असतो. त्याला बाकं टांगलेली असतात. माणूस बाकावर बसून वर जातो आणि स्कीवरून घसरत खाली येतो. दोर टॉवरवरच्या चाकांवरून जातो. आडवा वारा सुटला की बाकं झुलतात, टॉवरवर आपटू शकतात. दोरच चाकांवरून उतरला तर बघायलाच नको. म्हणून सगळ्यात उघड्या टॉवरवर वारा मोजणारा सेन्सर बसवतात. मर्यादा ओलांडली की लिफ्ट आपोआप थांबते.

इथे तो टॉवर नववा. इतकी वर्षं तो गप्प होता. या हिवाळ्यात मात्र पश्चिमेचा वारा आला की अलार्म.

“सेन्सर बिघडलाय,” डग म्हणाला. “बघ, इथे झेंडासुद्धा हलत नाही.”

झेंडा खरंच हलत नव्हता. मी हार्नेस चढवला आणि नवव्या टॉवरवर चढले. जुन्या सेन्सरशेजारी नवा लावून पाहिला. दोन्ही एकच आकडा दाखवत होते. खरं तर आकड्याची गरजही नव्हती, मी शिडीला मिठी मारून उभी होते.

“सेन्सर ठीक आहे. वारा खरा आहे,” मी खाली येऊन सांगितलं.

“मग तो सहाव्या टॉवरवर लाव. तिथे झाडांचा आडोसा आहे. मर्यादा तीच ठेवू. नियम कुठे मोडतोय?”

“थर्मामीटर उशाखाली ठेवून ताप उतरत नाही, डग.”

तो हसला नाही. फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या सुट्टीचा लाँग वीकेंड तोंडावर आला होता. ही लिफ्ट बंद म्हणजे अर्धा डोंगर बंद. त्याच्या जागी मी असते तर मीही चिडले असते.

“तू स्की तरी करतेस का?” त्याने विचारलं.

“नाही. मी दोर बघते.”

तासाभरात मिलिंदचा फोन आला. मिलिंद माझा बॉस, पुण्याचा. मीटिंगमध्ये इंग्रजीत मीही त्याला मिलिंदच म्हणते. फोनवर मराठी सुरू झाली की त्याचे आपोआप सर होतात.

“वैशाली, क्लायंट जुना आहे. सेन्सर हलवता येतो ना?”

“येतो, सर. कारण लिहावं लागतं. काय लिहू? वारा आवडला नाही?”

“पण इतकी वर्षं नव्हता तो वारा आता कुठून आला?”

“माहीत नाही.”

“हे मी क्लायंटला कसं सांगू?”

“मी सांगते. पण मी सही करणार नाही. तुम्ही करत असाल तर करा.”

“मीही नाही करणार,” सर म्हणाले. “पण कारण शोधून दे. नाहीतर पुढच्या सीझनला दुसरी कंपनी येईल आणि ती सही करेल.”

मला नेमकी तीच भीती होती. आमचं काँट्रॅक्ट जाईल ते जाईल, पण सेन्सर आडोशाला जाईल आणि नवव्या टॉवरपाशी माणसं झुलत राहतील. लाँग वीकेंडला लिफ्ट बराच वेळ बंद राहिली आणि डग माझ्याशी फक्त ईमेलवर बोलू लागला. कारण काही सापडेना. वरून पाहिलं की सगळं पांढरं, मधे झाडं आणि झाडांमधले मोकळे पट्टे. निघताना नवा सेन्सर मी सहाव्या टॉवरवर ठेवला, फक्त आकडे पाहण्यासाठी. त्याच्या भरवशावर लिफ्ट चालणार नव्हती.

जुलैत पुन्हा निघाले. “आई, इट्स अ स्की प्लेस. देअर इज नो स्नो,” लेक म्हणाली.

“म्हणूनच चाललेय,” मी म्हटलं.

जागा ओळखू येईना. हिरवं गवत, आइस्क्रीमची गाडी, आणि त्याच लिफ्टवर सायकली टांगून वर जाणारे लोक. उन्हाळ्याची मॅनेजरही वेगळी, टेसा नावाची. डग एप्रिलमध्ये केबिनची किल्ली ठेवतो, टेसा मेमध्ये उचलते.

तिच्याबरोबर चालत वर गेले. नवव्या टॉवरच्या पश्चिमेला एक रुंद मोकळा पट्टा होता. हिवाळ्यात मी त्याला स्की रन, म्हणजे स्कीवरून घसरायची वाट, समजले होते. आता गवतात कापलेले बुंधे दिसत होते, एकाशेजारी एक, अजून चिकट. पट्टा सरळ टॉवरवर येत होता. मी वळले आणि माझी टोपी उडाली.

“ही झाडं कधी तोडली?”

“गेल्या उन्हाळ्यात. नवा बाइक ट्रेल. लोकांना फार आवडतो.”

“डगला सांगितलं होतं?”

“डगला? तो सायकल चालवत नाही.”

मला हसू आलं आणि रागही आला. डगला बोलावून घेतलं. तो बुंध्यांमध्ये उभा राहून बराच वेळ टॉवरकडे बघत होता. मग म्हणाला, “सेन्सर राहू दे.”

झाडं पुन्हा लावली. ती टॉवरला आडोसा देईपर्यंत मी रिटायर झालेली असेन. तोवर पश्चिमेचा वारा असला की ही लिफ्ट बंद आणि एरवी बंद असलेली, आडोशातली जुनी छोटी लिफ्ट चालू, असं ठरलं. काँट्रॅक्ट आमच्याकडेच राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात डगने एक फोटो पाठवला. सकाळी अलार्म वाजून लिफ्ट थांबल्यावर त्याने ती हळूहळू चालवून माणसं उतरवली आणि मग बंद ठेवली होती. नंतर वारा वाढला. फोटोत नवव्या टॉवरवर आपटून वाकलेलं एक बाक होतं. खाली एवढंच लिहिलं होतं, “यावर कोणी नव्हतं.”

मी सहाव्या टॉवरचा आकडा काढून पाहिला. तिथे वारा दिवसभर मर्यादेच्या आत होता.

आता नवीन रिसॉर्टचं काम आलं की मी दोन तारखा मागते, एक जानेवारीतली, एक जुलैतली. जुलैत काय बघणार, असं क्लायंट हमखास विचारतो. जमीन, मी सांगते.