एका जोडीखालचे शेण

दुष्काळानंतरच्या दुसऱ्या वर्षी, पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, सकाळी आमच्या घरी शेणाच्या गॅसवर पहिल्यांदा चहा झाला. त्याच सकाळी आमचा गोठा झाडणाऱ्या बाईला तिच्या वाट्याचे शेण मिळाले नाही.

आमचे गाव धाड या बाजारगावापासून बैलगाडीने तासाभराच्या वाटेवर. गोठ्यात सहा जनावरे होती: चार बैल, एक गाय, एक म्हैस. गोठा झाडायला येणारी बाई गोठ्याच्या मागच्या भिंतीला लागून राहायची. वय चाळीसच्या पुढे. नवरा दुसऱ्यांच्या शेतावर सालाने, स्वतःची जमीन नाही. घरातले सगळे तिला मावशी म्हणायचे, वडील सोडून. वडिलांना गाव पाटील म्हणायचे; ते तिला काहीच म्हणत नसत, नुसते बोलायला लागत.

झाडण्याबद्दल तिला सकाळची भाकर होती आणि भिंतीकडच्या बैलजोडीखालचे शेण होते. बाकीच्या चार जनावरांचे शेण आमच्या उकिरड्यात जायचे. हा वाटा कधी ठरला, ते कोणाला सांगता येत नव्हते. तिच्या आधी तिची सासू झाडायची, तिलाही त्याच जोडीखालचे मिळायचे. बैल बदलले, जोडी म्हणजे भिंतीकडची दोन दावणी, एवढे बदलले नाही. त्या शेणाच्या ती गवऱ्या थापायची. थोड्या घरच्या चुलीला, बाकीच्या धाडच्या बाजारात. घरात मीठ, तेल, काडेपेटी त्यातून यायची.

गोबरगॅसची योजना पंचायत समितीतून आली. रॉकेल मिळेनासे झाले होते आणि टेकड्यांवर तोडायला झाड उरले नव्हते. योजनेच्या पत्रकात तीन फायदे दिले होते: लाकूड वाचेल, घरात धूर होणार नाही, शेताला चांगले खत मिळेल. तिन्ही खरे होते. हे नंतर सिद्धही झाले.

अर्ज मी भरला. मी तेव्हा बुलढाण्याच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहायचो आणि घरात अक्षर माझे बरे होते. अर्जात जनावरांची संख्या विचारली होती, सहा लिहिली. किमान पाच लागत होती. पुढे रकाना होता, 'दररोज उपलब्ध होणारे शेण'. मी वडिलांना विचारले. ते म्हणाले, "लिही, घरचं समदं."

मी 'घरचे सर्व' असे लिहिले. दोघांनाही त्यात काही चुकल्यासारखे वाटले नाही. जनावरे आमची होती. जोडीखालचा वाटा कुठल्या कागदावर कधीच नव्हता, त्यामुळे कागद भरताना तो आठवला नाही. बाई त्या वेळी आठ-दहा हातांवर गोठ्यात झाडत होती.

पाण्याच्या टाक्यापलीकडे विहिरीसारखा गोल हौद बांधला गेला. त्यावर लोखंडी टाकी उपडी बसवली. आत गॅस धरला की टाकी वर येते, वापरला की खाली जाते. पहिल्या भरणीला शेण फार लागते, म्हणून महिनाभर सगळे शेण साठवले. वडिलांनी बाईला सांगितले, की महिनाभर तुझेही यात जाऊ दे. ती हो म्हणाली. लग्नाकार्यात शेजारी जशी भांडी देतात, तसे तिने ते दिले होते. भरणी झाली की वाटा पुन्हा चालू होणार, असे ती धरून चालली होती. वडील काय धरून चालले होते, हे तिने विचारले नाही.

करीच्या सकाळी ती टोपले घेऊन जोडीखाली वाकली, तेव्हा वडील म्हणाले, "ते हौदात टाक."

"भरला ना हौद?"

"रोज टाका लागते. ते काही एकदा भरलं अन् झालं, असं नाही."

"रोज?"

"रोज."

ती टोपले घेऊन उभी राहिली. योजनेचे विस्तार अधिकारी पहिला चहा प्यायला आले होते. त्यांनी मध्ये पडून समजावले, की शेण कुठे जात नाही. एका बाजूने आत जाते, गॅस देते, दुसऱ्या बाजूने बाहेर येते. उलट सुधारून येते.

वडिलांना ते पटले. ते न्यायाने वागणारे गृहस्थ होते आणि हिशेब त्यांना लगेच सुचला. "सहातलं दोघांचं तुह्यं होतं. मंग बाहेर येते त्यातला तिसरा हिस्सा घे. तेच शेण हाय, सायेब म्हणते सुधारलेलं हाय."

"सुधारलेलं म्हंजे?" बाईने साहेबांना विचारले.

"म्हणजे ताकद वाढते."

ताकद खताची वाढते, हे साहेबांनी सांगितले नाही, कारण त्यांच्या डोक्यात शेत होते. बाईच्या डोक्यात गवरी होती. तिला शेत नव्हते. त्या दिवशी या तिघांचे एकमत झाले. मी पुढच्या आठवड्यात साप्ताहिकात बातमी दिली, की या योजनेत शेणाचा कणही वाया जात नाही. बातमीत चूक नव्हती.

हौदातून बाहेर पडायचा तो पातळ गाळ. बाईने तो खड्ड्यात घेऊन आटवला, त्यात गव्हाचे कुटार, म्हणजे भुसा, मिसळले आणि थापला. दसऱ्यापर्यंत तिच्या भिंतीवर गवऱ्या दिसू लागल्या. रंग नेहमीपेक्षा काळपट, वजनाला हलक्या, कडा तडकलेल्या. बाजारात त्या खपल्या, कारण ती वर्षानुवर्षे गवऱ्या आणत होती आणि कोणी उचलून पाहत नसे.

मार्गशीर्षात आमच्या शेताच्या बांधावरल्या मारुतीपुढे रोडग्यांची पंगत असते. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, तो गवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजतात. लाकडाच्या आरात बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. पंगतीच्या गवऱ्या दरवर्षी मावशीच्या. त्या वर्षीही तिच्याच.

आर पेटवला. धूर भरपूर झाला. घटकाभराने पाहिले, तर गवऱ्या आकार न बदलता राखाडी झाल्या होत्या आणि हात जवळ नेला तरी भाजत नव्हता. वांग्याची भाजी झाली, वरण झाले. रोडगे आरात घातले ते ओल्या मातीसारखे राहिले. ऊन डोक्यावर आले. माणसे पत्रावळी समोर घेऊन बसली होती.

"काय वं मावशे, गवऱ्या हायत का पापड?"

"धूर निंगून राह्यला. इस्तू कुठी हाय बे?"

"इस्तू पाटलाच्या घरी नळीतून जाते आता. राख इकडं येते."

यावर सगळे हसले, वडीलही. मग ते हसायचे थांबले. एकाने घरून जुन्या गवऱ्यांची गाडी आणली. जेवण दिवस कलता कलता झाले. मावशी तोपर्यंत थांबली नव्हती.

दुसऱ्या सकाळी ती गोठ्यात आली, पण झाडू न घेता. वडील दूध काढत होते.

"मालक, माह्या जोडीखालचं मले वापस पायजे."

"तिसरा हिस्सा देऊन राह्यलो ना तुले?"

"त्यातला जीव तुमी काढून घेता. मंग मले देता."

"जीव कायचा? ते शेणच हाय."

"मंग तुमी जाया ते चुलीत. मी चांगलं नेते."

आई ओट्यावरून म्हणाली, की मावशीच्या घरी एक नळी टाकून द्या, तिची भाकर होईल त्यावर. बाई म्हणाली, "माही भाकर व्हईल वो, बाई. पन नळी मी धाडच्या बाजारात बसून इकू काय?"

ती गेली. त्या दिवसापासून ती गोठा झाडायला आली नाही.

गोठा झाडायचे काम आमच्याकडे आले. मी बुलढाण्याहून सुट्टी घेऊन आलो होतो, ती सुट्टी त्यात गेली. शेण आणि पाणी सारखे कालवून हौदात सोडायचे असते. काडी, कुटार राहिले तर तोंड तुंबते. बाई ते हाताने निवडायची, हे तेव्हा कळले. तिसऱ्या दिवशी तोंड तुंबले. चौथ्या दिवशी टाकी हौदात खाली बसली आणि शेगडीची ज्योत बारीक होऊन विझली. आईने चूल सारवली.

त्याच दिवशी विस्तार अधिकारी सायकलवर आले. संक्रांतीनंतर जिल्ह्याचे साहेब योजना पाहायला येणार होते आणि तालुक्यात दाखवण्यासारखे संयंत्र आमचे होते. टाकी खाली बसलेली पाहून ते सायकल स्टँडवर लावायचे विसरले. सायकल पडली.

वडिलांनी सगळे सांगितले. साहेबांनी माझा अर्ज काढून पाहिला. "इथं 'घरचे सर्व' लिहिलंय."

"घरचं सर्वच हाय. त्यातल्या दोघांचं तिचं हाय."

"मग घरचं चारच जनावरांचं झालं. योजनेत पाच लागतात."

हे त्या अंगणात पहिल्यांदाच कोणी नियमाच्या आकड्यात बोलले. बाईचा वाटा द्यायचा, तर संयंत्र नियमात बसत नव्हते. संयंत्र नियमात बसवायचे, तर बाईचा वाटा नव्हता.

साहेबांकडे उपाय होता. पत्रकाच्या मागच्या पानावर तो छापलेला होता. घरचा संडास हौदाला जोडला, तर दोन जनावरांची तूट भरून निघते. शासनाची त्याला शिफारस होती. ते त्यांनी वडिलांना वाचून दाखवले, आवाज जरा हळू करून.

आईने तरीही ऐकले. ती दारात येऊन म्हणाली, "जोडा ना. मंग त्या गॅसवर सैपाक तुमी करा, अन् जेवासाठी सायेबाले बोलवा."

उपाय पत्रकात परत गेला. साहेब चहा न घेता गेले. चहा चुलीवर झाला होता. जाताना ते वडिलांना म्हणाले, की पाहणीच्या दिवशी विचारले, तर सहा सांगा. सहा खोटे नाही.

दुसऱ्या सकाळी वडील भिंतीपाशी गेले आणि पलीकडे हाक मारली. ते कोणाच्या दाराशी गेलेले मी क्वचितच पाहिले होते. या खेपेलाही ते दाराशी गेले नाहीत, भिंतीशीच थांबले.

"उद्यापासून जोडीखालचं तुह्यं."

पलीकडून आवाज आला, "उद्यापासून काऊन? आजचं पडेल हाय ना?"

"हाव. आजचंबी."

ती आली. आधी तुंबलेले तोंड मोकळे केले, मग गोठा झाडला, मग जोडीखालचे टोपल्यात भरले.

चार जनावरांच्या शेणावर दोन वेळचा चहा आणि एक वेळची भाजी होऊ लागली. भाकरी चुलीवर. टाकी अर्ध्याच्या वर कधी आली नाही. विस्तार अधिकारी दोनदा येऊन टाकीकडे पाहून गेले आणि दोन्ही वेळा वडिलांना 'सहा' याची आठवण करून दिली.

संक्रांत झाल्यावर जिल्ह्याचे साहेब जीपने आले. बरोबर विस्तार अधिकारी आणि ग्रामसेवक. शेगडी पेटवून दाखवली, चहा दिला. साहेब टाकीपाशी उभे राहिले आणि ती इतकी खाली का, असे विचारले.

विस्तार अधिकारी म्हणाले, थंडीत गॅस कमी धरतो. हे खरे आहे.

साहेबांनी वडिलांना विचारले, "जनावरं किती?"

"सहा."

विस्तार अधिकाऱ्यांनी मान डोलावली.

"अन् शेण चाराचं," वडील म्हणाले.

"दोघांचं कुठं जातं?"

वडिलांनी गोठ्याकडे हात केला. बाई भिंतीकडच्या दावणीशी होती. तिने टोपले खाली ठेवले नाही. साहेब तिच्याकडे गेले आणि शेण कशाला लागते, असे विचारले. ती म्हणाली, "गवऱ्याले."

"गवऱ्या जाळल्या तर खत वाया जातं. हे योजनेच्या विरुद्ध आहे."

"माह्याकडं वावर नाही, सायेब. खत टाकू कुठी?"

साहेबांनी वहीत लिहिले. दोन ओळी असाव्यात. विस्तार अधिकारी ते वाचायला थोडे पुढे सरकले, पण वही मिटली होती. जीप धाडच्या रस्त्याला लागली.

त्या दोन ओळींत काय होते, ते मी नंतर पंचायत समितीत विचारले, साप्ताहिकाच्या नावानेही विचारले. सांगण्यात आले नाही. संयंत्र रद्द केल्याचे पत्र आले नाही. मंजुरी कायम असल्याचेही आले नाही. जीप गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी बाई नेहमीच्या वेळेला आली, गोठा झाडला, चार जनावरांचे शेण कालवून हौदात सोडले आणि जोडीखालचे दोन टोपली भरून भिंतीपलीकडे नेले.