दोन सिलिंडर आणि एक कान

लोक म्हणतात, सूड घेतल्यावर आतून रिकामं वाटतं. मला नाही वाटलं. ताईच्या लग्नाच्या पंगतीत मी जिलबी दोनदा मागून घेतली.

आम्ही भांडुपचे. स्टेशनवरून चढ चढून गेलं की चाळ. वडील आग्रा रोडवरच्या कारखान्यात होते. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. दहावी झाल्यावर ती दोन बस बदलून अंधेरीला एमआयडीसीत शर्टांना कॉलर लावायला जायला लागली, आणि म्हणून मी कॉलेजात जाऊ शकलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. पण पदवी माझी असली तरी मशीनवर वाकलेली पाठ तिची होती, हे मीही विसरलो नव्हतो.

तिचं लग्न मुलुंडला ठरलं. मुलगा डिप्लोमावाला, कांजूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर, दिसायला बरा, भांग मात्र दर पाच मिनिटांनी पाडणारा. हुंड्याविरुद्ध कायदा होता आणि तो सगळ्यांना पाठ होता, म्हणून बैठकीत हुंडा हा शब्द कुणीच काढला नाही. मुलाचे वडील म्हणाले, आम्हाला मुलगी आणि नारळ द्या. मग मध्यस्थाने घसा साफ केला आणि म्हणाला, फक्त मुलाला कामावर जायला मोटरसायकल तेवढी बघा. आमच्या वडिलांनी मान हलवली. शब्द गेला तो ‘मोटरसायकल’ एवढाच. कुठली, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

मी नोकरीला लागल्या लागल्या स्वतःसाठी एक गाडी बुक करून ठेवली होती. तेव्हा नंबर लागेपर्यंत महिनोन्महिने वाट बघावी लागे. नवीन आलेली शंभर सीसीची फोर-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला नको, एका लिटरमध्ये मुलुंडहून पार कुलाब्याला जाऊन परत यावं, मागे लांब सीट, डाव्या बाजूला साडीगार्ड, पाय ठेवायला पट्टी, वर भाजीच्या पिशवीसाठी कॅरिअर. नंबर नेमका लग्नाच्या तोंडावर लागला. म्हटलं, माझं राहू दे, ही ताईच्या घरी जाऊ दे. मी भावोजींना हे सांगायला गेलो, मोठ्या आनंदाने.

त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. ‘ती दूधवाल्याची गाडी रे.’

त्यांना हवी होती साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरवाली. शोरूममध्ये ती लगेच मिळत होती, कारण एवढं पेट्रोल पाजणार कोण? पण उचल अशी की गिअर टाकला की माणूस मागे फेकला जाई. एका मित्राची मागून आणून त्यांनी मला रविवारी पवईला नेलं. तळ्याच्या कडेचा रस्ता तेव्हा बऱ्यापैकी मोकळा असे. मागे धरायला काही नव्हतं, म्हणून मी त्यांच्या शर्टाला धरलं, तर म्हणाले, इस्त्री मोडेल. मग त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरला पीळ दिला. आवाज कानात नाही, दातांत येत होता. एका वळणावर मी सीटवरून अर्धा घसरलो आणि माझी एक चप्पल गेली. गाडी थांबवायला लावून मी मागे चालत गेलो आणि ती शोधून आणली, तोवर ते टपरीवर चहा पीत बसलेले, आणि तिथे जमलेल्या आपल्या मित्रांना माझी नक्कल करून दाखवत होते. खोटं कशाला बोलू, गाडी झकास होती. मलाही ती हवीशी वाटली. राग गाडीचा नव्हता.

मी एवढंच विचारलं, की ताई साडी नेसून हिच्यावर बसणार कुठे?

‘तिला ट्रेन आहे ना. गाडी मी चालवायला घेतोय, बिऱ्हाड वाहायला नाही.’ आणि मग मित्रांकडे बघून, ‘ग्रॅज्युएट आहे हा. चाळीत सायकलसुद्धा नव्हती यांच्या, आता मला गाड्या शिकवतोय.’

सगळे हसले. मीही हसलो, कारण मुलीकडचा होतो. एका पायात चप्पल आणि एका हातात चप्पल घेऊन हसलो. पवईहून भांडुप काही लांब नाही. मी चालत आलो, आणि येताना ठरवलं.

घरी वडिलांना काही सांगितलं नाही. ते म्हणाले असते, पाहिजे ती देऊन टाक, कर्ज काढू. ताईला सांगितलं. ट्रेनचं आणि बिऱ्हाडाचं शब्दाला शब्द सांगितलं. ती रुखवताच्या रुमालाला टाके घालत होती. हात थांबला नाही.

‘तुला माझं लग्न मोडायचंय का रे?’

‘नाही. तुला बसायला जागा करायचीय.’

मी सांगितलं, माझीच गाडी द्यायची, पण कागद तुझ्या नावावर करायचे. त्याच्या नाही. रागावून मांडवातून उठला तर, असं तिने विचारलं. म्हटलं, उठायला वेळच त्याला मिळणार नाही, ते माझ्यावर सोड. तिने दाताने दोरा तोडला. ‘सही कुठं करायची ती दाखव.’

मुलाकडच्यांना निरोप गेला की गाडी तयार आहे, लग्नाच्या दिवशी हॉलवर येईल. भावोजी आपल्या मनाने दोन सिलिंडर धरून चालले. मी खोटं बोललो नाही. मोटरसायकल म्हटलं होतं, मोटरसायकल आणत होतो.

आमच्यात लग्नहोमाच्या वेळी कानपिळी असते. वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि मग नवऱ्या मुलाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट वागव, नाहीतर बघ, असं ते सांगणं. नवरा मुलगा मेव्हण्याला कपडे किंवा काहीतरी देतो, फोटोवाला फोटो काढतो, सगळे हसतात. बहुतेक भाऊ नुसता हात लावतात. आपल्या धर्माने बाकी कुठेही मुलीकडच्या माणसाला जावयाच्या अंगाला हात लावायची परवानगी दिलेली नाही. त्या एका क्षणासाठी दिलेली आहे.

मी कान मुळापासून धरला. कॉलेजात एनसीसीत होतो, पकड चांगली होती. अर्धा वळसा दिला आणि वाकून म्हणालो, ‘गाडी खाली उभी आहे. दूधवाल्याची. ताईच्या नावावर आहे. ती ट्रेनने येणार नाही.’

ते उठायला गेले. कान माझ्या हातात होता, उठता आलं नाही. फोटोवाला ‘अजून एक’ म्हणाला, म्हणून मी अजून थोडा पिळला. बायकांना वाटलं, गंमत चाललीय. एक आत्या तर म्हणाली, सोडू नको रे, चांगला ऐवज काढ. पुढे अग्नी, बाजूला भटजी, उपरण्याची गाठ ताईच्या शालूला बांधलेली. कुठे जाणार? भटजी म्हणाले, चला, सप्तपदी. मी कान सोडला. तो जांभळा झाला होता, आणि फोटोंत आजही तसाच दिसतो, कारण आम्ही कलर रोल घातला होता.

त्यांनी गाडीला हात लावला नाही. मुलुंडला इमारतीखाली ताडपत्री घालून उभी केली आणि स्वतः ट्रेनने कामावर जायला लागले. ताईशी महिनाभर धड बोलले नाहीत. ती माहेरी आली की मी विचारायचो, त्रास आहे का? ती म्हणायची, अबोला आहे, अबोल्याला काय, कारखान्यातल्या मशीनच्या आवाजापेक्षा तो बरा. मला झोप लागायची नाही. त्यांच्या कानावर घेतलेला सूड तिच्या पाठीवर निघाला असता, तर मी मुलुंडला काय केलं असतं मला माहीत नाही.

पण तिचे सासरे रिटायर झालेले गृहस्थ. एक दिवस त्यांनी ताडपत्री काढली आणि ‘सूनबाई, चावी देतेस का गं?’ म्हणून विचारलं. मग दळण त्या गाडीवरून, भाजी त्या गाडीवरून, एकदा तर गॅसचा सिलिंडर. सासूबाई साडीगार्डला पदर सांभाळत देवळात जायला लागल्या. इमारतीतली माणसं भावोजींना विचारू लागली, तुम्ही का नाही चालवत? लायसन्स नाही का?

त्या वर्षी भाऊबीजेला मी मुलुंडला गेलो. पाटावर बसलो होतो, ताई ताट घेऊन समोर. भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून आतून बाहेर आले. त्यांनाही घाटकोपरला त्यांच्या बहिणीकडे ओवाळून घ्यायला जायचं होतं आणि उशीर झाला होता. दारापर्यंत गेले, परत आले. माझ्याकडे बघितलं नाही.

‘चावी देतेस का?’

ताईने निरांजन माझ्याभोवती नीट तीनदा फिरवलं. ‘ओवाळून होऊ दे. मीही येते. नणंदेकडे मी एकटी मागून येऊ का?’

ते उभे राहिले. मी ओवाळणी घालायला मुद्दाम वेळ लावला, साडीची घडी पुन्हा नीट केली, फराळाची चकली अख्खी चावून खाल्ली. मग दोघं खाली गेले. मी गॅलरीत येऊन बघितलं. भावोजींनी खिशातून रुमाल काढला आणि मागची सीट पुसली. ताई बसली, पट्टीवर पाय ठेवला, पदर खोचला, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, इस्त्रीवर. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर त्यांनी गाडी इतकी हळू घेतली की मागून सायकलवाला घंटी वाजवत पुढे निघून गेला.

सासरे आतून म्हणाले, बसा, चहा होतोय. मी बसलो आणि दोन कप प्यालो.