वैरागडे, बोकडे आणि अंदमानचं पाणी

ज्या ऑफिसला जायला रोज पाऊण तास बसमध्ये बसावं लागतं, तिथं किस्से आपोआप साठतात. आमचं ऑफिस नव्या रायपूरला हललं, तेव्हापासून आम्ही तेलीबांध्याला स्टाफ बस पकडतो. त्या बसमध्येच कुणीतरी अंदमानचा विषय काढला आणि समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेले आम्ही सहा जण स्कूबा डायव्हिंगला तयार झालो!

*

पाण्याखाली तोंडानं श्वास घ्यायचा असतो असं कळलं. मग बसमध्येच प्रॅक्टिस सुरू. सहा जण चिमटीत नाक धरून, गंभीर चेहऱ्यानं बसलेले. ड्रायव्हर साहू भैयांनी आरशात दोनदा पाहिलं, बस कडेला घेतली आणि उठून एकेक खिडकी उघडली.

"जिसने भी किया हो, बता दे," ते शांतपणे म्हणाले. "मैं नाराज नहीं होऊँगा."

*

आमच्यातल्या वासनिकताईंच्या बॅगेत किलोभर चिवडा होता. आम्हाला वाटलं, प्रवासासाठी. बोटीवर कळलं, तो माशांसाठी! माशांना काहीही खाऊ घालायचं नाही, असा नियम ट्रेनरनं सांगितला. ताईंना तो अजिबात पटला नाही.

"आपण त्याईच्या घरी चाल्लो," त्या म्हणाल्या. "रिकाम्या हातानं काहून जाव?"

शेवटी ट्रेनरनंच चिवडा खाल्ला. तोही तिथलाच म्हणून ताईंचं समाधान झालं.

*

आता आमच्यातले वैरागडे आणि बोकडे. दोघं भोपाळला शेजारी राहायचे, एका डब्यात जेवायचे. मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं, कुणी कुठल्या राज्यात जायचं याच्या याद्या लागल्या आणि दोघंही रायपूरला आले. बोकडेंचं घर, म्हातारे आईवडील, सगळं भोपाळला राहिलं. वैरागडेंनीच साहेबांना सांगून आपलं नाव यादीत घालायला लावलं, असा बोकडेंचा संशय. वैरागडे कायम नाही म्हणत आले. तेव्हापासून अबोला. आम्हाला दोघंही आवडायचे, त्यामुळे फार वाईट वाटायचं.

ट्रेनरला यातलं काय माहीत! त्यानं उंची बघून जोड्या लावल्या. एकमेकांच्या सिलिंडरचे पट्टे तपासायचे होते. बोकडे ट्रेनरला म्हणाले, "इनको बोलिए, पट्टा ढीला है."

*

ट्रेनर दोघांना घेऊन खाली गेला. दोन-तीन मिनिटांतच बोकडे घाबरले. त्यांनी वैरागडेंचं मनगट पकडलं ते सोडेचनात. ट्रेनरनं बोकडेंना सावकाश वर आणलं, तर सोबत वैरागडेही वर आले. धड एक मासा बघून झाला नव्हता बिचाऱ्यांचा.

बोटीत दोघं शेजारी बसले. मनगट अजून बोकडेंच्या मुठीतच. आता वैरागडे भडकणार, असं आम्हाला वाटलं. पण त्यांनी नजर पाण्याकडे वळवली.

मग म्हणाले, "बोकडे, रायपूरच्या यादीत तुयं नाव मीच टाकाले लावलं होतं. एकट्यानं इकडे यायची हिंमत नव्हती मायी."

वासनिकताईंनी पदर डोळ्यांना लावला.

थोड्या वेळानं वैरागडे हळूच म्हणाले, "आता तरी हात सोड."

"काहून?" बोकडे म्हणाले. "तवा तू सोडला होता काय?"