बंद साच्यांचा आवाज

माझे वडील मिलमध्ये साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. एका शेडमध्ये शेकडो माग एकदम चालायचे. तिथे कुणी आवाजाने बोलत नसे, ओठांनी आणि हातांनी बोलत. घरीसुद्धा आम्ही बाबांच्या समोर उभं राहून, ओठ मोठे हलवून बोलायचो. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत असे कमी ऐकणारे पुष्कळ होते, त्यामुळे हे दुखणं आहे असं कुणालाच वाटत नसे.

गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. सुरुवातीला बाबा खुशीत होते. मोर्च्याला जायचे, दुपारी निवांत झोपायचे. नंतर चाळ रिकामी होत गेली, बरेच जण कोकणात आपापल्या गावी निघून गेले. गावी आमचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून आम्ही राहिलो.

एका दुपारी जेवता जेवता बाबांचा हात थांबला.

"साचे चालू झाले गो," ते आईला म्हणाले. "माका आयकाक येता."

"खंयचे साचे? गेट बंद आसा."

ते तसेच उठले आणि मिलच्या गेटवर गेले. गेटला कुलूप होतं, बाहेर पोलीस बसले होते. परत येऊन म्हणाले, आतून गुपचूप चालवतायत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग रोजच जायला लागले. भिंतीला कान लावून उभे राहायचे. ज्यांना आईची हाक ऐकू येत नव्हती, त्यांना बंद मिलमधले साचे ऐकू येत होते.

हे चाळीत लपणारं नव्हतं. बाबा भेटेल त्याला सांगत सुटले. त्या दिवसांत "मिल चालू झाली" एवढं बोलणंही वाईट होतं. मालकाची माणसं हीच अफवा पसरवून कामगार फोडतात, असं सगळे म्हणत. लोक आमच्याशी बोलेनासे झाले. नळावर आईला कुणी जागा देईना. शेवटी एका संध्याकाळी चाळीच्या अंगणात सभा होती, तिथे बाबा उभे राहून म्हणाले, "आपण हंय बसलो आणि थंय साचे चलतत. माझ्या कानान आयकलय मी."

आमच्या शेजारच्या खोलीतले काका बाबांबरोबर त्याच खात्यात होते. एकाच गावचे, एकाच डब्यात जेवणारे. ते पुढे आले आणि त्यांनी बाबांच्या कानशिलात मारली. बाबा पडले तेव्हा लाथही मारली. "मालकाचो कुत्रो," असं म्हणाले. कुणी मध्ये पडलं नाही. आई आणि मी बाबांना वर घेऊन आलो. त्यांच्या कानातून रक्त येत होतं. सगळा वेळ ते एकच विचारत होते, "तुमका खरांच आयकाक येना नाय?"

आईने त्यांना सरकारी इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी कान तपासले आणि म्हणाले, "कान कामातून गेलेत. आवाज डोक्यात आहे. त्याला औषध नाही." 'डोक्यात आहे' याचा अर्थ चाळीत एकच होता. त्यानंतर बाबांना कुणी मालकाचा माणूस म्हणालं नाही. वेडा म्हणायला लागले. आईला ते बरं वाटलं, कारण वेड्याच्या बायकोला नळावर जागा मिळते.

आमची मिल पुन्हा उघडलीच नाही. बाबा खालच्या पिठाच्या गिरणीत जाऊन बसायला लागले. जात्याच्या घरघरीत त्यांचा तो आवाज बुडून जायचा. पुढे गिरणीवाल्याने त्यांना दळणं घालायला ठेवलं. रविवारी गिरणी बंद असली की ते दिवसभर डोकं दाबून भिंतीशी बसत. त्या घरघरीने उरलेसुरले कानही जात गेले. मी शिकत होते, आई लोकांकडे पोळ्या करत होती. घरात कुणी मोठ्याने हसल्याचं मला आठवत नाही.

मी गणितात एम. एस्सी. केलं आणि शहरातल्याच एका संस्थेत संशोधनाला लागले. मेंदूतल्या पेशी एकमेकींना संदेश कशा देतात, हे समीकरणांत मांडायचं आणि कम्प्युटरवर चालवून बघायचं, असं काम होतं. मी ऐकण्याचा भाग मागून घेतला. का, ते कुणाला सांगितलं नाही.

कानाकडून येणारे संदेश कमी झाले की पेशी गप्प बसत नाहीत. आपल्याकडे काहीच येत नाही म्हणून त्या अधिकाधिक हळव्या होत जातात. रेडिओवर स्टेशन लागत नाही म्हणून आपण आवाज वाढवत जावं आणि नुसती खरखरच मोठी व्हावी, तसं. माझ्या प्रोग्रॅममधल्या पेशींना बाहेरून मिळणारा आवाज मी तोडला. काही वेळ पडदा रिकामा राहिला. मग हळूहळू ठिपके उमटायला लागले. एकेक ठिपका म्हणजे एकेका पेशीचा संदेश. बाहेर शांतता होती आणि पेशी बोलत होत्या. शेडमधल्या गोंगाटात बाबांचा हा आवाज झाकलेला होता. संपाने गोंगाट थांबवला आणि तो उघडा पडला.

मी माझ्या मार्गदर्शकांना बोलावून दाखवलं. ते खूश झाले.

"कान गेलेल्या माणसांना येतो तो हाच आवाज," ते म्हणाले. "यापलीकडे वेगळं काही उरत नाही."

"पण सर, इथे तो ऐकतंय कोण?"

"हा प्रश्न पेपरमध्ये घालू नकोस," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हते ते. ठिपक्यांतून फार तर खरखर निघाली असती. बाबांनी त्या खरखरीचे साचे केले होते, कामाची पाळी केली होती, सुरू झालेली मिल केली होती. ते समीकरणात कुठे बसवायचं हे मला आजही कळलेलं नाही.

घरी येऊन मी बाबांना पाटीवर लिहून समजावलं. त्यांनी शांतपणे वाचलं.

"म्हणजे माका येड लागलेला नाय," ते म्हणाले.

"नाही."

"बंद कसो करूचो?"

मी पाटी पुसली आणि लिहिलं, 'अजून कुणाला माहीत नाही.'

त्यांनी पाटी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "शेजारी जावन ह्या सांगून ये."

शेजारचे काका तोवर म्हातारे झाले होते. मुलाच्या टीव्हीकडे नुसतं बघत बसलेले असत. मी त्यांना सगळं समजावलं. ओठ मोठे हलवून, जसं बाबांशी बोलायचे तसं. त्यांनी सुनेला आत पाठवलं.

"माकाय येता तो आवाज," ते म्हणाले. "तुझ्या बापाशीच्या आधीपासून येता. सभेत तो बोललो. वाटला, आता माझाय कळात सगळ्यांका."

मी त्यांना आमच्या खोलीत घेऊन आले. दोघे पलंगावर बसले. काकांनी पाटीवर काही लिहिलं नाही, जुन्या सवयीने हात हलवून विचारलं: तुझा कसा? बाबांनी बोटांनी मागावरच्या धोट्याची फेक दाखवली, सूत घेऊन इकडून तिकडे. काकांनी 'नाही' अशी मान हलवली आणि ओठ गोल करून शिटी दाखवली. एकाच खात्यात, एकाच गोंगाटात दोघांचे कान गेले होते, पण आवाज वेगळे होते. निदान त्यांनी दाखवले तरी वेगळे. मग काका बाबांचा हात धरून रडले. बाबांनी हात सोडवून घेतला नाही, पण त्यांच्याकडे बघितलंही नाही.

त्यानंतर काका अधूनमधून येऊन बसत. बाबांनी त्यांना माफ केलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

शेवटच्या वर्षी बाबांना बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं. साचे तेवढे चालू होते. एका सकाळी ते गेले तेव्हा आई त्यांच्या उशाशी बसून होती. मग मला म्हणाली, "आता थांबलो असात मां तो आवाज?"

"हो," मी म्हणाले. पेशी थांबल्या की आवाज थांबतो, एवढं मला नक्की माहीत होतं.

थोड्या वेळाने शेजारून चहा आला. काका स्वतः किटली घेऊन दारात उभे होते.