अनुमोदन कोण देतंय?

अध्यक्षांना साधं "चला, चहा पिऊ" असं म्हणताच यायचं नाही. ते आधी उभे राहायचे, डोक्यावरची निळी जाळी सारखी करायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "सर्वांनी चहा घ्यावा असा मी ठराव मांडतो. अनुमोदन कोण देतंय?" आणि कोणी अनुमोदन दिल्याशिवाय हा माणूस चहाच्या मशीनचं बटण खरोखर दाबायचा नाही. ब्रेक संपत आलेला, आम्ही बायका रिकामे कप धरून ताटकळतोय, आणि हे आपले सभागृहाकडे बघत उभे! सुरुवातीच्या दिवसांत शेवटी मीच वैतागून ओरडायचे, "दिलं हो अनुमोदन! दाबा आता ते बटण!"

हे सभागृह म्हणजे यूकेतल्या आमच्या स्टॅनमोरहून बसनं जाता येईल अशा एका फॅक्टरीची कँटीन. आमच्या फॅक्टरीत सुपरमार्केटसाठी तयार जेवणं बनायची, मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खायची ती. मी पुण्यात शाळेत केमिस्ट्री शिकवत होते. नवऱ्याच्या व्हिसावर इथं आले आणि जिथं जाईन तिथं एकच प्रश्न, "यूके एक्सपिरियन्स आहे का?" कुठून असणार, कप्पाळ! शेवटी एका एजन्सीनं या फॅक्टरीत पाठवलं. पट्ट्यावरून टिक्का मसाल्याचे ट्रे सरकत यायचे आणि मी प्रत्येकावर चिमूटभर कोथिंबीर टाकायची. बास, एवढंच. आईला फोनवर सांगितलं, मी फूड इंडस्ट्रीत आहे.

अध्यक्ष माझ्या शेजारी उभे राहून पनीरचे तुकडे ठेवायचे. मूळचे नागपूरचे, वीज ऑफिसातून लवकर निवृत्ती घेतलेले. वहिनी नर्स, त्यांच्या व्हिसावर हेही आले. नागपुरात ते वस्तीतल्या जयंती मंडळाचे वर्षानुवर्षं अध्यक्ष होते आणि त्या पदाचा राजीनामा द्यायचं बहुधा राहूनच गेलं होतं. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "जय भीम, ताई. नवीन सभासद काय?" मी म्हटलं, कसली सभासद? "लाइनची," ते म्हणाले. "लाइन म्हणजे काय गंमत वाटली काय? माणसं आहेत तर मंडळ आहे." आम्ही सगळे त्यांना अध्यक्षच म्हणायचो. खरं नाव पगाराच्या पाकिटावर असेल, आम्हाला कधी लागलं नाही.

पट्ट्याच्या पार टोकाला रोमानियाची मिहाएला असायची, झाकणं लावायला. दांडगी बाई, आवाज असा की फ्रिजरच्या घरघरीवरून ऐकू यावा. तिला मराठी ओ की ठो कळत नव्हतं, पण अध्यक्षांनी तिला एक शब्द घोटून घोटून शिकवला होता. का, तर ठराव मांडणारा एका टोकाला असला की अनुमोदन देणारा दुसऱ्या टोकाला हवा, नाहीतर लोक म्हणतात आपसात ठरवलं! त्यामुळे इकडून यांनी तोंड उघडायचा अवकाश, तिकडून मिहाएलाची डरकाळी यायची, "अनुमोदन!" कशाला देतोय हे तिला माहीत नसायचं. नेहमी हसत द्यायची मात्र.

आता जरा नाजूक गोष्ट सांगते. आमच्या लाइनजवळच्या संडासाला कुलूप असायचं आणि चावी डीनच्या खिशात. डीन म्हणजे आमचा सुपरवायझर. संडासाला जायचं म्हणजे कोट काढा, बूट बदला, हात धुवा, परत सगळं चढवा. तेवढ्यात पट्टा पुढं जातो, म्हणून साहेबांनी कुलूपच घातलं. चावी मागितली की म्हणायचा, "ब्रेकमध्ये जा." ब्रेकमध्ये ही भली मोठी रांग. मग बायकांनी काय करावं? पाणी पिणंच सोडलं. मिहाएलानं तर पूर्ण शिफ्टभर घोट घ्यायचा नाही असा नेमच केला होता, आणि एके दिवशी ब्रेकला निघताना ती चक्कर येऊन पनीरच्या क्रेटवर आडवी झाली. डीन धावत आला आणि त्यानं आधी पनीर तपासलं. अस्सा संताप झाला माझा! पण बोलणार कोण? एजन्सीचं काम म्हणजे रोज पहाटे मेसेज आला तर या, नाही आला तर बसा घरी. तोंड उघडलं की मेसेज बंद. सगळ्यांना ठाऊक होतं ते.

अध्यक्ष त्या दिवशी ठराव न मांडताच चहा प्यायले. मला म्हणाले, "ताई, बाईमाणसाले पाणी पेता येत नाही, हे काही बरोबर नाही."

"मग काय करणार तुम्ही?"

"पाहू. कार्यक्रम आला पाहिजे."

कार्यक्रम आला. सुपरमार्केटची एक बाई कामगार सुखात आहेत की नाहीत ते बघायला येणार होती. डीननं आम्हाला आदल्या दिवशी पढवलं: हसा, आणि विचारलं तर सगळं छान आहे म्हणा. अध्यक्षांनी लगेच हात वर केला. "पाहुणे येऊन राह्यले अन् सत्कार नाही? असं कसं चालंन?" मग डीनला त्यांनी इंग्रजीत शाल, श्रीफळ आणि आभारप्रदर्शन समजावून सांगितलं. आभार म्हटल्यावर डीन असा खूश झाला की विचारू नका! "कल्चरल वेलकम! लव्हली!" त्यानं कँटीनला फुगेसुद्धा लावले.

दुसऱ्या दिवशी ती बाई आली. चांगली होती बिचारी, अवघडून हसत होती. अध्यक्षांनी वहिनींची मरून रंगाची शाल तिच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला. त्या नारळाचं काय करायचं हे तिला कळेना, तेव्हा तिनं तो तान्ह्या बाळासारखा कडेवर घेतला. अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं, परिचय केला. डीन घड्याळ बघायला लागला. मग अध्यक्ष म्हणाले, "नाऊ, व्होट ऑफ थँक्स." मराठी आभारप्रदर्शन काय असतं, हे त्या इंग्रजांना कुठून माहीत असणार? त्यात मांडववाला, माइकवाला, खुर्च्या उचलणारा, कोणी सुटता कामा नये!

अध्यक्षांनी कोणालाच सोडलं नाही, तेही इंग्रजीत. आधी एजन्सीचे आभार: ती रोज भल्या पहाटे मेसेजची वाट बघायला उठवते, काम असेल तरी आणि नसेल तरी, त्यामुळे कोणाला जास्त झोपायची वाईट सवय लागत नाही. मग पट्ट्याचे आभार: तो एवढा जोरात पळतो, म्हणून या गारठ्यातही हात थांबत नाहीत. मग मिहाएलाचे: कंपनीचा वेळ वाचावा म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाही आणि चक्करसुद्धा ब्रेकच्या तोंडावरच येऊ देते. आणि शेवटी, आवाज भरून आणून, "आमचे आदरणीय मिस्टर डीन! एवढ्या कामात संडासाची चावी हा माणूस स्वतःच्या खिशात सांभाळतो. दिवसभर! कोणाच्याही हातात देत नाही. एवढी जबाबदारी आजकाल कोण घेतं?"

आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागले. टाळ्या म्हटल्यावर आम्हीही वाजवल्या. मिहाएलानं सवयीनं "अनुमोदन!" ठोकून दिलं. त्या बाईचं हसू पार मावळलं होतं. नारळ तसाच कडेवर धरून तिनं डीनला विचारलं, "मला ती चावी बघता येईल का?" आणि डीननं, लालबुंद होऊन, भर सभेत खिशातून चावी काढली.

कुलूप त्याच दिवशी निघालं. चावी दाराशेजारच्या खिळ्याला लटकली आणि आम्ही बायका परत पाणी प्यायला लागलो. मी बसमध्ये अध्यक्षांना पकडलंच, "खरं सांगा, मुद्दाम केलंत ना?"

"अव ताई, आभार मानले मी," ते निरागसपणे म्हणाले. "एक तरी शब्द खोटा होता काय?"

त्यानंतर अध्यक्षांना मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. एजन्सीत फोन केला तर "सध्या काही काम नाही." माझ्या शेजारी मात्र पनीर ठेवायला नवीन माणूस आला होता, कसं काय बुवा? अध्यक्षांनी कुरकुर केली नाही. फोनवर म्हणाले, "आभार मानणाऱ्याचे आभार कोणी मानत नसते, ताई. पद्धतच हाये तशी." मला हसू आलं आणि रडूही आलं.

पुढं वहिनींना ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि त्यांचं जायचं ठरलं. आम्ही शिफ्ट सुटल्यावर बसस्टॉपवरच त्यांचा सत्कार केला. पण अध्यक्ष कोण? दुसरं कोणी नाही म्हणून स्वतःच्या निरोपसमारंभाचे अध्यक्षही तेच! मी शाल घालायला गेले तर हात धरून म्हणाले, "आधी प्रास्ताविक, ताई. घाई काहून करून राह्यली?" प्रास्ताविक मी केलं. आभार मानायला उभी राहिले आणि "सर्वप्रथम" एवढंच तीनदा म्हटलं. समोर बस येऊन थांबलेली, ड्रायव्हर बघतोय. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "राहू दे. पण आता इथं मांडणारं कोणीतरी पाहिजे बरं का. अनुमोदनाची चिंता नाही, ते मिहाएलाकडे आहे."

ते गेले आणि लाइनवर नुसती पट्ट्याची घरघर उरली. चहा आता आम्ही झटपट प्यायचो आणि तो मेला गोडच लागायचा नाही.

आणि मग एका सकाळी खिळा रिकामा दिसला. दाराला कुलूप, चावी डीनच्या खिशात. "जस्ट फॉर नाऊ," तो म्हणाला. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मिहाएलानं पाण्याची बाटली उघडली, जरा थांबली आणि झाकण परत लावून टाकलं. ते मात्र मला बघवेना.

माझी बोबडी वळली होती, खोटं कशाला सांगू? उद्याचा मेसेज डोळ्यांपुढे दिसत होता, म्हणजे न येणारा. मुठीत कोथिंबीर तशीच, समोरून ट्रे बिनकोथिंबिरीचे पुढं चाललेले. मी डोक्यावरची जाळी सारखी केली, घसा खाकरला, रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवलं आणि मराठीतच ओरडले, कारण इंग्रजी त्या क्षणी आठवेचना, "चावी परत खिळ्यावर लावावी, असा मी ठराव मांडते!"

डीन माझ्याकडे बघतच राहिला. ट्रे पुढं, ट्रे पुढं.

आणि पट्ट्याच्या पार दुसऱ्या टोकाकडून, सगळ्या फ्रिजरांच्या वरताण, आवाज आला.

"अनुमोदन!"

या वेळी मात्र ती हसत नव्हती. कशाला देतोय, हे तिला पक्कं माहीत होतं.